पेटवायची नसली, तरी पाडायची कशाला?

पुण्याच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या दगडी बंगल्यात राहणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. बंगला त्यांच्या सासऱ्यांनी साठच्या दशकात एका पारशी कुटुंबाकडून घेतला. यंदा रंगकामासाठी दिवाणखान्यातलं भलंमोठं शोकेस हलवलं, तेव्हा मागे फळी ठोकून बंद केलेली फायरप्लेस निघाली. बिडाची जाळी, दोन्ही बाजूंना फुलांच्या नक्षीच्या टाइल्स (काही तडकलेल्या), वर दगडी फळी आणि तिच्यावर ऑइलपेंटचे थर. यजमान म्हणतात, साफ करून पेटवू, मुलगा डिसेंबरमध्ये परदेशातून येतोय, त्याला मजा वाटेल. कंत्राटदार म्हणतो, त्या भिंतीवर दर पावसाळ्यात तपकिरी डाग पडतो, दोनदा वॉटरप्रूफिंग करूनही जात नाही, तेव्हा सगळंच तोडा; दीड फूट जागा मिळेल, टीव्ही छान बसेल. नणंदेचं म्हणणं, बाबांच्या घराला हात लावायचा नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना दमा आहे आणि त्यांची खोली त्याच भिंतीच्या पलीकडे. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, ‘पेटवायची नसेल तर ठेवून उपयोग काय? आणि ठेवायची म्हटलं तर पेटवायला नको का?’

*

ताई, नमस्कार.

तुमचे शेवटचे दोन प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचले. घरातली सगळी ओढाताण त्यांच्याभोवतीच चालली आहे. यजमानांना ती जपावीशी वाटते, म्हणून ते पेटवायची म्हणतात. तुम्हाला धुराची धास्ती आहे, म्हणून तुम्ही नकळत कंत्राटदाराच्या बाजूला सरकताय. पण जपायचं म्हणजे पेटवायचंच, हे कुणी ठरवलं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, त्यावर शहरात हौद बांधले गेले. आज त्यांतलं पाणी कुणी घरी नेत नाही. तरी एखादा हौद बुजवला की आपल्याला वाईट वाटतं, आणि ते वाटणं बरोबर आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करते. एक, दिवाणखान्यात दिसते ती फायरप्लेस. दुसरा, तिच्या मागून माळ्यातून आणि कौलांतून वर जाणारं धुराडं. फायरप्लेसचं काय करायचं, हा तुमच्या आवडीचा आणि सोयीचा प्रश्न आहे, सावकाश ठरवा. धुराड्याचं मात्र तुम्हाला काहीतरी करावंच लागणार आहे, आग पेटो न पेटो. तुमच्या भिंतीवरचा डाग तेच सांगतोय.

आधी त्या तोडण्याबद्दल. दिवाणखान्यात भिंतीतून दीड फूट पुढे आलेला जो भाग आहे, तो नंतर चिकटवलेला नाही. भिंतींवर भार पेलणाऱ्या जुन्या दगडी घरात तो भिंतीबरोबरच, तिच्यात दगड गुंतवून रचलेला असतो आणि वरच्या धुराड्याचं सगळं ओझं त्याच्यावर उभं असतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा एक घनमीटर ठोकळा पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. खालचा आधार काढून घेतला आणि वरचं धुराडं तसंच माळ्यावर राहिलं, तर ते कशावर टेकणार? कंत्राटदाराने तुम्हाला याचं उत्तर दिलेलं पत्रात तरी दिसत नाही. काही घरांत तुळयांची टोकंही याच जाडजूड भागावर विसावलेली असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहून, आकृती काढून, लेखी दिल्याशिवाय त्या भिंतीतला एक दगडही हलू देऊ नका. टीव्हीसाठी दीड फूट जागा हे त्यासाठी फार लहान कारण आहे.

आता तो तपकिरी डाग. तो फायरप्लेसच्या वरच का उमटतो, याची तीन कारणं असू शकतात. धुराड्याचं तोंड वरून उघडं असेल तर पाऊस सरळ आत पडतो. किंवा धुराडं जिथे कौलांतून बाहेर येतं, त्या सांध्यावरचा पत्रा सडलेला असतो, भोवतीच्या दर्जा (दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे) निघालेल्या असतात आणि पाणी तिथून उतरतं. तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. कित्येक वर्षं कोळसा आणि लाकूड जळून धुराड्याच्या आतल्या दगडांत आणि चुन्यात काजळीबरोबर क्षार मुरलेले असतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. मग छप्पर अजिबात गळत नसलं तरी दमट हवेत भिंत ओली होते आणि काजळीचा पिवळट-तपकिरी रंग गिलाव्यातून बाहेर येतो. यावर बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, काही उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे. डाग मोठ्या सरीनंतर काही तासांत पसरत असेल तर पाणी वरून येतंय. पाऊस उघडलेला असतानाही दमट दिवसांत भिंत ओलसर लागत असेल, तर क्षारांचं काम आहे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही असेल, कारण फायरप्लेसचं तोंड फळी ठोकून बंद केलेलं होतं. वरून ओल येते आणि खालून हवा खेळत नाही, अशी ती बंद नळी झाली आहे.

उपायही त्यातूनच येतो. वर धुराड्याला टोपी हवी, पण सीलबंद झाकण नको. वरून पाऊस अडेल आणि चारी बाजूंनी जाळीतून हवा जाईल अशी टोपी करून घ्या. खाली फायरप्लेसच्या तोंडाशी हवा शिरायला जागा ठेवा. छपराजवळचा पत्रा बदला. निघालेल्या दर्जा चुन्यानेच भरा, सिमेंटने नको. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही. भिंत आतल्या आत ओली राहते आणि पुढे दगडाच्या कडा फुटतात. डाग पडलेला गिलावा काढून टाकून तिथे चुन्याचा नवा गिलावा करावा, कारण क्षार त्या जुन्या थरात भरलेले असतात. चुन्याचं काम जाणणारे गवंडी पुण्यात अजून मिळतात. जुने वाडे आणि देवळं यांच्या दुरुस्तीवर काम केलेला माणूस शोधा, आणि त्याने केलेली एखादी भिंत दोन पावसाळ्यांनंतर कशी दिसते ते स्वतः जाऊन बघा. एवढं तुम्ही केलंत तर कंत्राटदाराचा तोडण्यामागचा मुख्य मुद्दाच उरत नाही.

यजमानांच्या इच्छेबद्दल मी स्पष्ट लिहिते. तुमच्या घरात, सासूबाई पलीकडच्या खोलीत असताना, ती पेटवू नये असं माझं ठाम मत आहे.

थंडीचंच बघू. आपल्या वेधशाळेच्या नोंदींत पुण्याचं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तेही जानेवारी १९३५ मधलं. एरवी डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास असतं, काही रात्री ते आठ-नऊवर उतरतं. एवढ्या थंडीत शाल, रजई आणि बंद खिडक्या पुरतात. शिवाय उघडी फायरप्लेस खोली तापवण्यात मुळातच कच्ची असते. जळणाऱ्या लाकडाच्या उष्णतेचे दहापैकी आठ-नऊ भाग धुराड्यातून वर निघून जातात आणि जाताना खोलीतली ऊबदार हवाही ओढून नेतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने हे ओळखून आगीची जागा उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराचा गळा अरुंद केला. त्याने फरक पडला, पण वाया जाण्याचं प्रमाण मोठंच राहिलं. तुमच्या जाळीचाही आकार पाहा. लहान, टोपलीसारखी खोलगट असेल तर ती दगडी कोळशासाठी आहे. यजमानांच्या मनातले मोठे ओंडके तिच्यात मावणारही नाहीत, आणि कोळशाचा धूर तर सासूबाईंसाठी लाकडापेक्षाही वाईट.

पुण्याची हवाही साथ देत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊबदार, अशी उलटी रचना होते, त्यामुळे धूर वर न जाता खाली साचतो; आपलं शहर टेकड्यांच्या मध्ये असल्याने तो लवकर पांगतही नाही. तुमच्या बंगल्याशेजारी गेल्या काही वर्षांत उंच इमारत झाली असेल, तर वारा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि धूर उलटा खोलीत ढकलतो. बंगला बांधला तेव्हा हे प्रश्न नव्हते. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सासूबाईंची खोली. अशा बंगल्यांत पाठीला पाठ लावून दोन खोल्यांच्या फायरप्लेस असायच्या आणि दोघींच्या नळ्या एकाच धुराड्यातून वर जायच्या, मध्ये जेमतेम एका विटेचा पडदा. त्या पडद्यातला चुना झडला असेल तर दिवाणखान्यातला धूर शेजारच्या खोलीत उतरतो. धुरासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. सासूबाईंच्या पलंगामागची भिंत एकदा बोटांनी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथेही अशीच एक बुजवलेली फायरप्लेस असण्याची दाट शक्यता आहे.

आणि इथेच मला तुमच्या यजमानांना आणि तुम्हाला, दोघांनाही एक गोष्ट दाखवायची आहे. दम्याच्या माणसाला धूर जसा वाईट, तशी ओल आणि बुरशीही वाईट. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला यायचे. आज जी विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, ती गणेशखिंडीत त्याच मुक्कामासाठी बांधली गेली, काम १८६४ मध्ये सुरू झालं. म्हणजे ज्यांनी इथे असे बंगले बांधले, त्यांना पुण्याचा पावसाळाही चांगला ठाऊक होता. धुराडं न पेटवताही खोलीतली हवा वर ओढत असतं. ते साफ करून, टोपी घालून, खालून मोकळं ठेवलंत तर जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या दिवाणखान्यातली कोंदट हवा बाहेर जायला एक कायमची वाट मिळेल. सासूबाईंच्या खोलीतली फायरप्लेसही बुजवलेली असेल तर तिच्या तळाशी एक हवेची जाळी बसवून घ्या. फायरप्लेस बंद राहिली तर त्यांना ओलीचा त्रास, पेटवली तर धुराचा. मोकळी ठेवून न पेटवणं हाच त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगला मार्ग आहे.

साफसफाईच्या दिवशी मात्र जपा. जुन्या धुराड्यात पारवे असतात, कधी सातेरी मधमाश्यांचं पोळं असतं, कधी गव्हाणी घुबडाचं घरटं. पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा; घुबडाला तर कायद्याचंही संरक्षण आहे. पारव्यांची वाळलेली विष्ठा फुफ्फुसांना फार घातक असते. ती कोरडी झाडायची नाही, पाणी फवारून ओली करूनच काढायची. काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क द्या, दाराला ओलं फडकं लावा, आणि सासूबाईंना त्या दोन-तीन दिवसांसाठी नणंदेकडे पाठवा. तोंडावर ठोकलेली ती फळी लाकडाची नसून राखाडी सिमेंटच्या पत्र्यासारखी असेल, तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती तोडू, घासू किंवा करवतू नका. ओली करून अखंड उतरवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

दर्शनी भागाला फार कमी करावं लागेल, आणि जितकं कमी कराल तितकं ते छान दिसेल. दगडी फळीवरचा ऑइलपेंट जुना असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता आहे, म्हणून पॉलिशपेपरने कोरडा घासू नका. रंग मऊ करणारा लेप लावून, लाकडी पट्टीने हलके काढायचा. ॲसिड नको, वाळूचा मारा तर अजिबात नको. घडीव दगडाच्या कडा एका दुपारीत कायमच्या जातात. टाइल्स कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा. तडकलेल्या तशाच राहू द्या. चार तडकल्या म्हणून सगळ्या काढून दुकानातल्या नव्या ‘व्हिंटेज’ टाइल्स बसवायचा सल्ला कुणी ना कुणी देईल, तो ऐकू नका. बिडाच्या जाळीचा गंज तारेच्या ब्रशने काढून तिला काळं ग्रॅफाइट पॉलिश करा.

हेच पत्र दुसऱ्या कुणाच्या मनात असेल, आणि त्यांचं घर महाबळेश्वर-पाचगणीला असेल, घरात दमेकरी नसेल, तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे पेटवायला हरकत नाही. पण आधी कॅमेरा सोडून नळी वरपासून खालपर्यंत तपासा, भेगा असतील तर आत स्टीलची नळी घालून घ्या आणि आगीच्या जागेला अग्निविटा लावा. लाकूड चांगलं वाळलेलं, ओलावा वीस टक्क्यांच्या आत असलेलं हवं. ओल्या लाकडाच्या धुराने नळीत डांबरासारखा थर बसतो आणि पुढे तोच पेट घेतो. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, खोकी जाळू नका. खिडकी थोडी उघडी ठेवा, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि दरवर्षी धुराडं झाडून घ्या. यातलं एक जरी जमणार नसेल तर तिथेही पेटवू नका.

परवानगीचंही पाहा. बंगला कँटोन्मेंटच्या हद्दीत आणि ‘ओल्ड ग्रँट’चा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या जुन्या अटींवर दिलेल्या जमिनीवरचा असेल, तर जमीन सरकारची असते. अशा ठिकाणी बांधकामात फेरफार करण्याआधी बोर्डाची मंजुरी लागते. महापालिकेच्या हद्दीत असाल तर वास्तू हेरिटेज यादीत आहे का, ते हेरिटेज कक्षात विचारून घ्या. डागडुजीचं आणि तोडण्याचं मोजमाप दोन्हीकडे वेगळं असतं, म्हणून काय करणार ते कागदावर नेमकं लिहून विचारा.

आता घरातल्या माणसांबद्दल. नणंदबाईंचं ‘हात लावू नका’ मी समजू शकते, पण ती फायरप्लेस शोकेसमागे झाकली गेली तीही त्यांच्या बाबांच्याच काळात. घर बाबांच्या हयातीतही बदलत होतं. त्यांना तोडण्याची भीती आहे. तोडत नाही, दुरुस्त करतोय, असं सांगून छपराच्या कामाची यादी त्यांना दाखवलीत तर विरोध निवळेल असं वाटतं.

यजमानांना खरंतर मुलासोबत चार संध्याकाळी एकत्र बसायचं आहे. ती इच्छा फार चांगली आहे आणि तिला आगीची गरज नाही. तरी त्यांनी हट्ट धरलाच, तर राख काढणं, लाकडं वाळवणं, धुराडं साफ करवून घेणं हे सगळं कोण करणार, ते आधी बोलून घ्या. तुमच्या पत्रात ते कुठेच आलेलं नाही, आणि माझ्या मते न बोलता ते तुमच्याच अंगावर पडायचं आहे. उबेचीच हौस असेल तर तेलाचा इलेक्ट्रिक हीटर त्या कमानीत ठेवता येईल. मात्र त्यासाठी १६ अँपियरचा वेगळा पॉइंट आणि स्वतंत्र वायर ओढून घ्या. जुन्या वायरिंगवर दोन हजार वॅटचा हीटर चालवू नका.

आणि ताई, पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, फक्त सासूबाईंचं नाही. ती फायरप्लेस बंद का केली, हे सांगू शकणाऱ्या घरात आता त्या एकट्याच असतील. धूर खोलीत उलटा यायचा म्हणून, पावसाचं पाणी यायचं म्हणून, की नुसतं शोकेस ठेवायला दुसरी भिंत नव्हती म्हणून? त्यांनी ती पेटलेली पाहिली आहे का? धूर उलटा यायचा असं त्या म्हणाल्या तर इंजिनिअरला ते आधी सांगा, त्याचं अर्धं काम तिथेच होईल. तुमच्या मनात काय आहे, तेही त्यांच्याशी बोला. तुम्ही तिघांच्या बाजू इतक्या नीट लिहिल्यात, पण तुम्हाला स्वतःला ती भिंत कशी हवी आहे हे मला पत्रात सापडलं नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. कंत्राटदाराला आजच फोन करून तोडफोड थांबवायला सांगा आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर घ्या. मुलगा यायच्या आत एवढंच करा: धुराड्यात कोण राहतंय ते तपासा, सासूबाई घरी नसताना आतून सफाई करून घ्या, टाइल्स पुसा, जाळीला पॉलिश करा. दर्जा, पत्रा आणि टोपी यांचं काम मार्च-एप्रिलमध्ये काढा, म्हणजे पावसाच्या आत चुना वाळायला वेळ मिळेल. डागाच्या जागी नवा गिलावा मात्र एक पावसाळा जाऊ दिल्यावर करा. तोवर भिंत पूर्ण कोरडी होते का, ते कळेल. सप्टेंबरमध्ये डाग किती उतरला ते मला लिहा, आणि सासूबाईंनी काय सांगितलं तेही.